शंभर यार्डांच्या आत

सोमवार, 16 जून 2025

आज शाळा उघडली. पहिलीच्या मुलांना फाटकातच ओवाळलं, हातात गुलाबाचं फूल आणि पुस्तकांचा संच दिला. रडणारी पोरं फार नव्हती यंदा.

मावशी पहाटेच येऊन फाटकासमोरचा भाग झाडून गेल्या, तेव्हा सुपलीभर थोटकं निघाली. मुलं यायच्या आत ती कचऱ्यात गेली, पण प्रार्थना होईपर्यंत तिथे नवी पडली होती. फाटकाच्या उजव्या हाताला चहाची टपरी आहे. काचेच्या पेटीवर सिगारेटची उघडी पाकिटं, बाजूला दोरीला बांधलेला लायटर. पूर्वी असा जळता काथ्या लोंबत असे. कामावर निघालेली तरुण मंडळी एका हातात चहा, दुसऱ्या हातात सिगारेट घेऊन आमच्या कुंपणाला टेकून उभी राहतात. त्या भिंतीच्या आत पाचवी अ चा वर्ग भरतो. पावसाळी हवेत धूर वर जात नाही, खिडकीतून आत येतो. वर्गशिक्षिकांनी खिडक्या लावल्या की वर्गात जीव कोंडतो, उघड्या ठेवल्या की मुलं खोकतात.

या वर्गात एक दम्याची मुलगी आली आहे. तिच्या आईने मला बाजूला घेऊन दप्तराचा कुठला कप्पा उघडला की पंप सापडेल ते दाखवलं. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत, पण मला समजलं.

या वर्षी हा विषय हातात घ्यायचा. शाळेतल्या मुलांनी कुठला श्वास घ्यावा हे भिंतीपलीकडच्या माणसाने का ठरवावं?

बुधवार, 18 जून

दोन दिवस कायदा वाचते आहे. एकेक पायरी समजून घेतली की धीर येतो.

मुरली देवरा हे नाव आपल्याला मुंबईच्या राजकारणातलं म्हणून ठाऊक. पण सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते हेच. 2 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने दवाखाने, शाळा, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, नाट्यगृहं, रेल्वे आणि बसगाड्या इथे धूम्रपानाला मनाई केली. आधार घेतला तो घटनेच्या एकविसाव्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. जो ओढत नाही त्याने दुसऱ्याच्या धुराने का आजारी पडावं, असा तो साधा मुद्दा होता. त्याच्याही आधी, 1999 मध्ये, केरळ उच्च न्यायालयाने असा निकाल दिला होता आणि गोव्याने तर 1997 सालीच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा मंजूर केला होता. 2003 मध्ये संसदेने देशभराचा कायदा केला, ज्याला सगळे कोटपा म्हणतात. नियम कडक होऊन आले ते 2 ऑक्टोबर 2008 पासून.

माझे वडील एका कचेरीत अभिलेख विभागात होते. आयुष्यात त्यांनी विडीला हात लावला नाही. पण संध्याकाळी घरी आल्यावर त्यांचा शर्ट आई वेगळा टाकायची, इतका त्याला धुराचा वास असायचा. बंद खोली, कागदांचे गठ्ठे आणि चौघे-पाचजण दिवसभर ओढणारे. साहेबच ओढत असल्यावर बोलणार कोण? निवृत्तीनंतरची त्यांची सगळी वर्षं खोकल्यात गेली. 2001 चा निकाल त्यांच्यासाठी उशिरा आला.

नियमांत आज एक ओळ सापडली, ती मी पुन्हा पुन्हा वाचली. सार्वजनिक जागेच्या प्रवेशाशी किमान 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटरचा फलक हवा, आणि त्यावर तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव हवं. आपल्याकडे फलक सगळीकडे आहेत, नाव क्वचितच कुठे दिसतं. शिवाय शाळेच्या आवारात दंड करण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला दिलेला आहे. मला. त्या जागेत लोकांना ओढू दिलं तर जबाबदारीही माझीच.

रंगाऱ्याला बोलावलं आहे. फलकावर माझं नाव आणि हुद्दा ठळक लिहायला सांगितला.

शनिवार, 21 जून

पालख्या शहरात आहेत. दरवर्षीप्रमाणे एक दिंडी आमच्या शाळेत उतरली आहे. वर्गांत बाकं एका कडेला लावून सतरंज्या घातल्या, मावशींनी रात्रीच पिंपं भरून ठेवली. टाळ-मृदंग चालू असताना शाळेच्या भिंती वेगळ्याच वाटतात.

संध्याकाळी व्हरांड्यात एक वयोवृद्ध वारकरी बसले होते. चालून चालून पाय सुजलेले. त्यांनी विडी पेटवली. फलक त्यांच्या डोक्यावरच होता, पण बाबांना वाचता येत असेल असं वाटलं नाही. मी जवळ बसले आणि म्हटलं, "माउली, इथं विडी नको. पोरांचे वर्ग आहेत, उद्यापरवा इथंच बसतील ती."

त्यांनी लगेच विडी फरशीवर विझवली, थोटूक कनवटीला खोचलं आणि मलाच हात जोडले. "चुकलं माय. शाळा हाय, ध्यानात न्हाई आलं."

अर्ध्या तासाने फराळाची पाकिटं वाटायला आलेल्या मंडळींपैकी एकाने जिन्यात सिगारेट शिलगावली. इंग्रजी शिकलेला माणूस, गळ्यात ओळखपत्र. मी तेच शब्द वापरले. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही सेवा करायला आलोय. आज कसले नियम?" मी पावतीपुस्तक आणायला शिपाईमामांना पाठवलं. तेव्हा तो बाहेर गेला.

कायदा कोणाला कळतो आणि कोणाला कळत नाही याबद्दल आपल्या ज्या समजुती आहेत त्या तपासून पाहायला हव्यात. अडाणी माणसाला शिकवायला हवं असं आपण घोकत राहतो. मला आज अडचण आली ती वाचता येणाऱ्याची.

मंगळवार, 24 जून

आज मोजणी केली. कोटपाच्या सहाव्या कलमानुसार शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचा कुठलाही पदार्थ विकता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला विकणं तर कुठेच चालत नाही. शंभर यार्ड म्हणजे 91.44 मीटर. पी.टी.च्या सरांनी लांब उडीची टेप आणली, आठवीची दोन मुलं हौसेने आली.

टपरीपर्यंत टेप ओढायची गरजच नव्हती, ती फाटकापासून हाकेच्या अंतरावर आहे. वाद झाला तो कोपऱ्यापलीकडच्या पानपट्टीवरून. पानपट्टीवाले म्हणाले, "बाई, रस्त्याने चालत मोजा. वळसा घालून यायला लागतं, शंभराच्या बाहेर जातंय." रस्त्याने मोजलं तर खरंच बाहेर जातं. पण नियम स्पष्ट आहे. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी त्रिज्येने, म्हणजे सरळ रेषेत अंतर धरायचं. मागच्या मैदानाच्या भिंतीपासून ते आतच येतात. मी त्यांना नियमाची मराठी प्रत दिली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि घडी करून गल्ल्यात ठेवली.

केंद्राच्या तंबाखूमुक्त शाळेच्या सूचनांत ही हद्द आखायलाही सांगितली आहे. रस्त्यावर पिवळी रेघ ओढायची. रंग आणला आहे, पाऊस उघडला की ओढू.

मुलांना एक गोष्ट समजावून सांगावी लागली. टपरीसमोर उघड्या रस्त्यावर उभं राहून ओढणाऱ्याला या कायद्याने अडवता येत नाही, कारण मोकळी जागा सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येतून वगळली आहे. 2008 च्या नियमांनी बसथांबा, रेल्वे स्थानक, क्रीडांगण, खुलं प्रेक्षागृह अशा जागा पुन्हा आत घेतल्या. म्हणजे आमच्या फाटकाजवळच्या बसथांब्यावर ओढणं गुन्हा आहे आणि चार पावलांवर भिंतीला टेकून ओढणं नाही. तिथे हात घालायचा असेल तर विक्रीलाच घालावा लागतो. आठवीतल्या मुलाने विचारलं, "मग धुराला कसं कळणार, बाई, कुठे थांबायचं?" त्याला मी उत्तर देऊ शकले नाही. हा प्रश्न विधिमंडळात विचारायला हवा.

शुक्रवार, 27 जून

शिक्षकांची बैठक. मी म्हटलं, बाहेरच्या टपरीकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरात बघू. आमच्या शिपाईमामांच्या खिशात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी कायम असते. दोन सहकारीही खातात. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले आणि धूरविरहित तंबाखू खाणारे 24.4 टक्के. आपल्या राज्याचं दुखणं धुरापेक्षा मळलेल्या तंबाखूत मोठं आहे. 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी रिकाम्या पुड्या मैदानात उडत येतात. पण तंबाखू खाणारा स्वतःचं तोंड जाळतो. धूर शेजाऱ्याच्याही छातीत जातो. म्हणून सार्वजनिक जागेतल्या धुराचा वेगळा विचार करावा लागतो.

शिपाईमामा बैठकीनंतर थांबले. त्यांना राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक लिहून दिला, 1800-11-2356. पैसे पडत नाहीत, समुपदेशक स्वतः परत फोन करून चौकशी करतात. मामा म्हणाले, "तीस वर्षांची सवय हाय, बाई." मी म्हटलं, फोन तर करा.

शुक्रवार, 11 जुलै

काल गुरुपौर्णिमा झाली, मुलांनी फुलं दिली. आज सकाळी नववीच्या वर्गशिक्षिका माझ्या खोलीत आल्या आणि टेबलावर एक वस्तू ठेवली. फिकट निळी, गुळगुळीत, मुलं पुस्तकात ओळी रंगवतात त्या पेनासारखी. मुलांच्या स्वच्छतागृहात आंब्याच्या गोळीचा वास येत होता म्हणून त्या तिथे गेल्या होत्या. राख नाही, काडी नाही, थोटूक नाही. मावशींच्या सुपलीत हे कधीच आलं नसतं.

मी वेप पहिल्यांदा हातात घेतला. आत छोटी बॅटरी, तापणारी तार आणि कापसात भिजवलेला द्रव. द्रवात निकोटिन, ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि वास. ओढलं की तार तापते, द्रवाची वाफ होते. आत किती निकोटिन आहे याचा त्यावर पत्ता नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. सिगारेटच्या पाकिटावर निदान 85 टक्के भागात चित्र आणि इशारा असतो. यावर आंब्याचं चित्र आहे.

मुलगा चौदा वर्षांचा. चित्रं सुंदर काढतो. मी दार लावून घेतलं आणि त्याला बसायला सांगितलं. तो रडला नाही, घाबरला होता.

"बाई, यात तंबाखू नसतो. हे फक्त फ्लेवर असतं."

"कोणी सांगितलं तुला?"

"सगळेच म्हणतात."

कुठून मिळालं ते त्याने बऱ्याच वेळाने सांगितलं. मोबाइलवर निरोप पाठवायचा, पैसे मोठ्या मुलाच्या खात्यातून जातात, दुचाकीवरून कोणीतरी क्लासच्या खाली आणून देतो. घेताना कोणी वय विचारत नाही.

दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

रविवार, 13 जुलै

वेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, कायदा निराळा आहे. 18 सप्टेंबर 2019 रोजी केंद्राने ई-सिगारेटविरुद्ध अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ओढणाऱ्याबद्दल मात्र हा कायदा वेगळी शिक्षा सांगत नाही. काहींना ही पळवाट वाटते. मला ती कायदा करणाऱ्यांची शहाणी निवड वाटते. ज्याला सवय लावली गेली तो चौदा वर्षांचा मुलगा आरोपी नाही. आरोपी आहे तो दुचाकीवरचा माणूस, त्याच्यामागचा साठेवाला आणि सीमेवरून खोकी आत आणणारा. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 77 वं कलमही हेच सांगतं. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

2019 च्या राष्ट्रीय युवा पाहणीत तेरा ते पंधरा वयाच्या 8.5 टक्के विद्यार्थ्यांनी तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं होतं. विडी ओढणाऱ्या मुलांपैकी 47 टक्क्यांनी दहावा वाढदिवस व्हायच्या आत सुरुवात केली होती. दहावा वाढदिवस म्हणजे चौथी-पाचवी. माझी पाचवी अ.

सोमवार, 14 जुलै

मुलाचे आईवडील आले. आई सारखी पदराने डोळे पुसत होती. वडील चांगल्या नोकरीत आहेत. म्हणाले, "मॅडम, मी स्वतः सिगारेट सोडायला हेच वापरलं. परदेशात डॉक्टर देतात. सिगारेटपेक्षा बरं नाही का?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांना सिगारेट सुटावी म्हणून आरोग्य खात्याने वेपकडे वळवलं, हे खरं आहे. जळणाऱ्या तंबाखूपेक्षा वाफेत विषारी द्रव्यं कमी असतात, हेही खरं. पण त्याच ब्रिटनने यंदा 1 जूनपासून वापरून फेकायच्या वेपच्या विक्रीवर बंदी घातली, कारण ते मुलांच्या हाती पोचले होते. मी त्यांना म्हटलं, "तुमचं वय पंचेचाळीस, तुमच्याकडे सोडायला सिगारेट होती. याच्याकडे सोडायला काहीच नव्हतं. वाढत्या वयाच्या मेंदूला निकोटिन फार लवकर पकडतं. तुमच्यासाठी जे खाली उतरणं होतं ते याच्यासाठी चढणं आहे." ते गप्प झाले. घरातला वेप कुठे ठेवता, असं मी विचारल्यावर आईने त्यांच्याकडे पाहिलं.

शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका सदस्यांचा आग्रह होता की मुलाचा दाखला हातात द्यावा, म्हणजे इतरांना वचक बसेल. मी नकार दिला आणि तसं इतिवृत्तात लिहून घेतलं. शाळेतून काढलेला मुलगा त्या दुचाकीवाल्याच्या आणखी जवळ जातो. तो शाळेतच राहील, समुपदेशक ताईंना आठवड्यातून भेटेल. वेप पंचनामा करून पोलिसांच्या हवाली केला आहे. विकणाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली.

बुधवार, 23 जुलै

शंभर यार्डांच्या हद्दीबद्दल दिलेल्या अर्जाचं काय झालं ते विचारायला गेले. एका टेबलावरून सांगितलं, हा विषय अतिक्रमणाचा. अतिक्रमणवाले म्हणाले, टपरीला परवाना आहे, विषय आरोग्याचा. आरोग्याच्या टेबलावर सांगितलं, पोलिसांकडे जा. पोलीस ठाण्यात तरुण अधिकारी होते, त्यांनी नीट ऐकून घेतलं. "मॅडम, दोनशे रुपये दंड. तो भरतो आणि संध्याकाळी परत विकतो."

दोनशे रुपये. 2003 मध्ये ठरलेला आकडा केंद्राने आजवर बदललेला नाही. तेव्हाच्या दोनशेला वजन होतं. आज ते टपरीच्या अर्ध्या तासाच्या गल्ल्यातून निघतात. कर्नाटकाने यंदा स्वतःच्या राज्यापुरती दुरुस्ती करून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचा दंड हजार रुपये केला, विक्रीसाठी वयाची अट अठराची एकवीस केली. आपण हे का करू नये? महाराष्ट्राने पुढाकार घेतलेला आहे. मुंबईतल्या कमला मिलच्या, हुक्क्याच्या निखाऱ्यांशी जोडल्या गेलेल्या आगीत डिसेंबर 2017 मध्ये चौदा जण गेले, त्यानंतर 2018 मध्ये राज्याने हुक्का पार्लर बंद करणारी दुरुस्ती केली. सप्टेंबर 2020 मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला मनाई केली, कारण सुट्या सिगारेटवर इशारा नसतो आणि मुलाच्या खिशाला परवडते ती सुटीच. पण आमच्या फाटकासमोर उघडी पाकिटं रोज मांडलेली असतात.

अर्जाची पोच घेतली. पुढचा अर्ज थेट वर पाठवणार.

शनिवार, 9 ऑगस्ट

राखी. संध्याकाळी पॅरिसहून भाचीचा फोन. तिची मुलगी तिथल्या बालवाडीत जाते. म्हणाली, "मावशी, जूनअखेरपासून इथे शाळेच्या दारापासून दहा मीटरच्या आत सिगारेट बंद. बागा, समुद्रकिनारे, बसथांबे सगळीकडे बंद. 135 युरो दंड." तिच्या शाळेच्या दारात आधी घ्यायला आलेले आईवडीलच ओढत उभे असायचे. आता ते पलीकडच्या फुटपाथवर जातात. दंड झालेला मात्र तिने एकही पाहिला नाही. कॅफेच्या बाहेरच्या खुर्च्यांना फ्रान्सने हात लावलेला नाही, आणि वेप यात येत नाही.

मी तिला आमच्याकडचं सांगितलं. तिथे उघड्यावर ओढणाऱ्याला दाराशी अडवलं. आपल्याकडे विकणाऱ्याला अडवलं, ओढणाऱ्याला रस्त्यावर मोकळं ठेवलं. वेपवर आपली बंदी त्यांच्यापेक्षा कितीतरी कडक आहे, कागदावर. मला दोन्ही हवं आहे. दारापुढचा पट्टाही धूरमुक्त हवा आणि शंभर यार्डांत विक्रीही नको.

बुधवार, 20 ऑगस्ट

आज टपरीवाल्या भाऊंशी शांतपणे बोलणं झालं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी मला चहा दिला, पैसे घेईनात.

"मॅडम, चहावर काय सुटतं? सिगारेटला माणूस येतो म्हणून चहा खपतो." हे खरं असणार. मी विचारलं, तुम्ही ओढता? नाही म्हणाले. घरात कोणी? नाही. "पण छातीत घरघर असते. डॉक्टर विचारतात, किती ओढता? मी म्हणतो एकही नाही. त्यांना खरं वाटत नाही."

मी त्यांना जपानमधल्या ताकेशी हिरायामांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. 1981 मध्ये तो प्रसिद्ध झाला. खूप ओढणाऱ्या नवऱ्यांच्या, स्वतः कधीही न ओढणाऱ्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त निघालं. त्यानंतर जगभर कामाच्या जागेचा विचार सुरू झाला. आयर्लंडने 29 मार्च 2004 रोजी सगळी कामाची ठिकाणं, खानावळी आणि दारूचे गुत्तेसुद्धा, धूरमुक्त केली ती तिथे काम करणाऱ्यांसाठी. वेटरला आठ तास तिथेच उभं राहायचं असतं. गिऱ्हाईक उठून जातं.

"तुम्ही तर बारा तास उभे असता, भाऊ."

ते काही वेळ पेला विसळत राहिले. मग म्हणाले, "पोहे-साबुदाणा ठेवला तर तुमची शिक्षक मंडळी घेतील का?" मी म्हटलं, रोजचे तीस पेले चहा आणि पंधरा प्लेट पोहे शाळा घेईल, त्याचे पैसे महिन्याला देऊ. हे मी समितीला न विचारता बोलले, पण बोलले ते निभावणार. भाऊंची टपरी उठवणं हा माझा हेतू कधीच नव्हता. फेरीवाल्यांना 2014 च्या कायद्याने संरक्षण दिलं आहे आणि ते योग्यच आहे. त्यांनी फक्त पेटी हलवावी.

सोमवार, 8 सप्टेंबर

गणपती झाले. मांडवात यंदा धूम्रपान निषिद्ध हा फलक लागला, मंडळाच्या पोरांनी आपणहून आमच्याकडून नमुना नेला आणि अध्यक्षांचं नाव त्यावर लिहिलं.

टपरीवरची पेटी दहा दिवस बंद आहे. पानपट्टी अजून चालू, तिथे दोन वेळा दंड झाला. नववीतला मुलगा मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत बसतो. समुपदेशक ताई म्हणतात, चिडचिड होते, झोप येत नाही, पण प्रयत्न करतो आहे. वेप विकणाऱ्याच्या तक्रारीवर अजून काही कळलं नाही. शिपाईमामांनी मदतवाहिनीला फोन केला. पुडी पूर्ण सुटलेली नाही.

गुरुवार, 2 ऑक्टोबर 2025

दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी. 2008 चे नियम लागू होऊन आज सतरा वर्षं झाली.

सकाळी शिक्षणाधिकारी आणि आमच्या आमदारांना पाठवायचं पत्र पूर्ण केलं. कर्नाटकाप्रमाणे राज्यात दंड वाढवा. शाळेच्या फाटकापुढचा पट्टा कायद्याने धूरमुक्त करा. शंभर यार्डांच्या विक्रीची जबाबदारी एकाच कार्यालयावर टाका आणि त्या अधिकाऱ्याचं नाव जाहीर करा. वेप पकडला गेला की मुलाची नव्हे, पुरवठ्याची साखळी शोधा. पालक-शिक्षक संघाच्या सगळ्यांनी सह्या केल्या, दम्याच्या मुलीच्या आईने पहिली.

ही पानं मी इतर मुख्याध्यापकांनी वाचावीत म्हणून देते आहे. दंडाचा अधिकार तुमच्याकडेही आहे. उद्या शाळेच्या फाटकावरचा फलक बघा. नावाची जागा कोरी असेल तर तिथे तुमचं नाव लिहून घ्या, आणि खेळाच्या खोलीतली टेप घेऊन कुंपणापासून सरळ रेषेत 91.44 मीटर मोजा.